न उचललेला राँग नंबर

"तो फोन या घरातून हलणार नाही," शैलजा म्हणाली, आणि चुलीवरचं दूध उतू गेलं. ती ते पुसायला वळलीसुद्धा नाही. त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते मी ओळखलं.

मी फक्त एवढंच म्हटलं होतं, की लँडलाइन परत करून मोबाइल घेऊ. खिशात अर्ज तयार होता. तालुक्याच्या गावी मोबाइलचं नवं दुकान निघालं होतं, तिथल्या पोरानं मला 'सर, सर' करत दोन वेळा चहा पाजला होता. आमचं खोलदरे चहूबाजूंनी डोंगरात. घरात बसून रेंज येत नसे हे खरं. पण पाण्याच्या टाकीवर चढलं की येई, आणि टाकीवर चढायला शिडी होती.

"अगं, महिन्यातले निम्मे दिवस हा फोन मुका असतो. केबल तुटते, कुणी बैल बांधून खांब वाकवतं..."

"खरमाटे येतात आणि दुरुस्त करतात."

"हो, येतात ना. येतच असतात."

खरमाटे म्हणजे आमच्या भागाचा लाइनमन. उंच, काळा गॉगल, खांद्यावर वायरचं भेंडोळं, आणि खांबावर चढताना शीळ वाजवायची सवय. फोन बिघडला की शैलजा त्याला निरोप धाडी आणि तो लगेच हजर होई. मी घरातली पंख्याची कळ दुरुस्त करा म्हणून वायरमनला वर्षभर सांगत होतो. तो काही आला नव्हता. खरमाटे आला की शैलजा त्याला चहा देई. त्या चहात आलं असे. हे मला वासावरून कळलं. माझ्या चहात आलं नसे. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. आल्याचा विषय निघाला नव्हता.

पण खरी सुरुवात वेगळ्याच गोष्टीनं झाली. एका मंगळवारी ताप आला म्हणून मी शाळेतून लवकर घरी येऊन पडलो होतो. मंगळवार म्हणजे बाजाराचा दिवस, गाव ओस. मागच्या अंगणात शैलजा आणि हौसाबाई चौगुले गोधडीला टाके घालत बसल्या होत्या. हौसाबाई आमच्या आळीतली विधवा बाई. तिच्या कांचनचं लग्न मीच जमवलं होतं. आयुष्यात मी जमवलेलं एकमेव लग्न. पलीकडच्या तालुक्यातल्या दूध संस्थेचे चेअरमन दत्ताजीराव नलवडे यांच्या धाकट्या मुलाशी. दुमजली घर, दारात ट्रॅक्टर, आणि हुंडा मागितला नाही. ही गोष्ट मी गावात ज्याला सांगितली नाही असा माणूस सापडणं कठीण होतं.

तर दुपारी फोन वाजला. ट्रिंग ट्रिंग. ट्रिंग ट्रिंग. आणि बंद.

आमच्या घरी फोन वाजला की शैलजा हातातलं टाकून पळायची, कारण निम्म्या आळीचे निरोप त्याच फोनवर यायचे. गावातल्या लग्नपत्रिकांवर आमचाच नंबर पी.पी. म्हणून छापलेला असे. पण त्या दिवशी ती उठली नाही. मी खिडकीतून पाहिलं. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. हौसाबाईनं डोळ्यांना पदर लावला, आणि शैलजा चहा टाकायला उठली.

"कुणाचा फोन होता?" मी पांघरुणातून विचारलं.

"अगंबाई, जागे आहात का? राँग नंबर होता."

"उचलला नाहीस, तर राँग ते कसं कळलं?"

"तुम्ही झोपा बरं. ताप डोक्यात गेलाय."

ताप दुसऱ्या दिवशी उतरला. पण तो प्रश्न डोक्यात तसाच राहिला. मराठी शिकवणाऱ्या माणसाला वाक्यातला अध्याहृत कर्ता शोधायची सवय असते. फोन वाजतो, दोनदा, कुणी उचलत नाही, बायको हसते. कर्ता कोण?

पुढच्या मंगळवारी मी तास बुडवून घराच्या मागच्या बोळात उभा राहिलो. फोन वाजला. दोनदा. बंद झाला. मी शाळेत परतलो तेव्हा खरमाटे शाळेसमोरच्या खांबावर होता. गळ्यात तपासणीचा फोन, दोन चिमटे तारेला लावलेले. खांबावर बसून माणूस कुठंही फोन लावू शकतो, हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं.

"काय सर, उन्हात?" तो वरून म्हणाला.

"काय खरमाटे, फोन कुणाला लावताय?"

"टेस्टिंग, सर."

टेस्टिंग.

त्यानंतरच्या रविवारी मी मोबाइलचा विषय काढला, आणि दूध उतू गेलं. मला जे हवं होतं ते तसं साधं होतं. मोबाइल आला की तो माझ्या खिशात राहील. वाजला तर माझ्या खिशात वाजेल. नंबर कुणाचा ते पडद्यावर दिसेल. लँडलाइनला तोंड नसतं, कोण बोलावतंय ते ती सांगत नाही. नुसती घरभर वाजते आणि बायको हसते.

"फोन काढलात तर मी माहेरी जाईन," शैलजा म्हणाली.

"जा. पोचलीस की कळव."

"कशावर कळवू?"

अर्ज खिशातच राहिला.

पुढच्या मंगळवारी मी ठरवूनच आलो. शैलजाला वाटत होतं मी शाळेत आहे. ती आणि हौसाबाई नेहमीप्रमाणे मागच्या अंगणात गोधडी पसरून बसल्या होत्या. मी पुढच्या दारानं, चपला हातात घेऊन, माझ्याच घरात शिरलो. फोन बाहेरच्या खोलीत, शैलजानं विणलेल्या जाळीच्या रुमालाखाली झाकलेला असे. मी वाचायचा चष्मा काढून शेजारी ठेवला, कारण ऐकण्याच्या कामात चष्मा मध्ये येतो असं मला का कोण जाणे वाटलं. रुमाल बाजूला केला. रिसिव्हरवर हात ठेवून बसलो. बाहेर समोरच्या खांबावर खरमाटे चढताना दिसला होता. सगळं जुळत होतं.

ट्रिंग ट्रिंग...

पहिली रिंग संपायच्या आत मी उचलला. काही बोललो नाही. श्वाससुद्धा धरून ठेवला. पलीकडेही कुणीतरी श्वास धरला होता. मग किणकिण झाली. काचेच्या बांगड्यांची. आणि फोन ठेवला गेला.

मी रिसिव्हर हातात घेऊन विचार करत राहिलो. खरमाटे बांगड्या घालत नसे.

तेवढ्यात अंगणातून हौसाबाईचा आवाज आला. रडण्याच्या अलीकडचा, कोरडा.

"एकच, मास्तरीणबाई. एकच वाजली."

"थांबा. अजून वाजेल."

दोघी थांबल्या. मीही थांबलो. रिसिव्हर हळूच जागेवर ठेवला आणि दाराआड सरकलो. फोन पुन्हा वाजला नाही.

"एकच," शैलजा म्हणाली. तिच्या पावलांचा आवाज स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आला. ती माझ्यापासून हातभर अंतरावरून गेली, फोनकडे एकदा पाहिलं, आणि दारात जाऊन ओरडली, "खरमाटे! खाली उतरा. माझ्याबरोबर चला."

"कुठं, बाई?"

"चला म्हटलं ना."

"पाने-पकड घेऊ का?"

"घ्या."

मागून हौसाबाई म्हणाली, "मास्तरांना सांगायचं का?"

"त्यांना नको. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही."

कोपऱ्यावरची वडापची जीप भरायची वाट बघत उभी होती. ती न भरताच सुटली. मागच्या बाकावर शैलजा आणि हौसाबाई, पुढं ड्रायव्हरशेजारी गॉगल लावून खरमाटे. धूळ उडाली आणि माझी बायको गावाबाहेर गेली.

आमची स्कूटर आडवी केल्याशिवाय सुरू होत नसे. ती मी आडवी केली. घाटातून जीपच्या धुळीमागं जाताना मी बरेच विचार केले. माणूस पळून जाताना शेजारीण बरोबर नेत नाही. पण साक्षीला नेऊ शकतो. रजिस्ट्रारचं कार्यालय दुपारी जेवणासाठी बंद असतं, हे खरमाट्याला माहीत असेल का? आणि मुख्य म्हणजे, आलं. आल्याकडे मी वेळीच लक्ष द्यायला हवं होतं.

घाट उतरल्यावर जीप तालुक्याकडे न वळता डावीकडे वळली. तो रस्ता माझ्या चांगल्या ओळखीचा होता. वरात त्याच रस्त्यानं गेली होती. जीप दुमजली घरासमोर, ट्रॅक्टरच्या शेजारी थांबली.

मी पोचलो तेव्हा नलवडे चेअरमन बाहेरच्या खोलीत कोचावर बसले होते. बाजारातून नुकतेच आलेले; पायाशी पिशवी, पिशवीतून कांद्याची पात डोकावत होती. त्यांचा धाकटा मुलगा, प्रताप, जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होता. शैलजा आणि हौसाबाई दाराशी उभ्या. कुणी बसा म्हटलं नव्हतं, किंवा म्हटलं असेल तर त्या बसल्या नव्हत्या. खरमाटे उंबऱ्यावर, हातात पकड.

"या, या मगदूम सर!" चेअरमन उठले. "बरं झालं तुम्हीच आलात. ही बघा तुमची मंडळी. ना निरोप, ना सांगावा, एकदम सुनेला न्यायला आलीत. बरोबर वायरमन आणलाय."

"लाइनमन," खरमाटे म्हणाला.

शैलजानं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही इथं कसे?"

"तेच मी विचारणार होतो," मी म्हणालो.

"म्हणे आमच्या सुनेनं रिंग दिली," चेअरमन म्हणाले. "रिंग म्हणजे काय असतं, सर? या घरातून कुणाला फोन गेला, तर मला बिलात दिसतो. मी बिलाची ओळ न ओळ वाचतो. बाईमाणसानं माहेरी फोन करायचा नाही, ही आमची पद्धत. तुम्हाला लग्नाच्या वेळी बोललो होतो."

बोलले होते. मी तेव्हा मान डोलावली होती. पद्धतशीर घर वाटलं होतं.

"उचलला तरच बिलात येतो," शैलजा म्हणाली. तिचा आवाज शांत होता. दूध उतू जाताना होता तसाच. "दर मंगळवारी तुम्ही बाजाराला जाता. तेव्हा कांचन आमच्या घरी फोन लावते. आम्ही उचलत नाही. दोन रिंगा झाल्या की ती ठेवते. दोन म्हणजे बरी आहे. एक म्हणजे न्यायला या. लग्न झाल्यापासून दोनच वाजत होत्या. आज एक वाजली."

कुठूनतरी भाकरी भाजल्याचा वास येत होता. माझ्या उजव्या तळव्याला अजून रिसिव्हरचा गारवा जाणवत होता.

मला आता सगळं समजलं होतं, आणि त्यातलं सगळ्यात ठळक हे, की ती एक रिंग मी बनवली होती. पोरगी बरी होती. ती दुसरी रिंग देणारच होती. आणि मी माझ्या हातानं एक संसार मोडायला जीप धाडली होती, तीही मीच जमवलेल्या संसाराकडे.

"सर," चेअरमन म्हणाले, "तुम्ही शिकलेले आहात. तुमच्या शब्दावर मी ही सोयरीक केली. असल्या रिंगा-बिंगांवर कुणी घर मोडतं का? तुम्हीच सांगा यांना."

"त्याचं काय आहे, चेअरमनसाहेब," मी सुरुवात केली.

तेवढ्यात कांचन पाणी घेऊन आली.

एक पेला घेऊन आली. तो माझ्यासमोर ठेवला आणि आत गेली. दुसरा पेला घेऊन आली, तो आईसमोर ठेवला आणि आत गेली. मग तिसरा. घरात ताट असणार, तबक असणार. चार पाहुण्यांचं पाणी कुणी एकेक पेल्यानं आणत नाही. तिचा डावा हात पदराखाली होता आणि तिथून तो हलत नव्हता. उजव्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. पेला ठेवताना त्या किणकिणल्या. तो आवाज मी ओळखला.

खरमाट्यानं पेला घेतला आणि पहिल्यांदाच गॉगल काढला.

"हाताला काय झालं गं?" शैलजा म्हणाली.

"पडली," प्रताप जिन्यावरून म्हणाला. "गोठ्यात."

हौसाबाई पुढं झाली नाही. तिला बहुधा भीती वाटत होती, की जवळ गेलं तर सगळं खरं होईल. तिनं लांबूनच विचारलं, "कांचन, पोरी, किती वाजवलीस गं?"

कांचननं माझ्याकडे पाहिलं. आठवीपासून दहावीपर्यंत ती माझ्या वर्गात होती. तोंडी परीक्षेत उत्तर येत नसलं की ती अशीच बघायची, खाली घातलेली मान किंचित वर करून. तिला माहीत होतं. पहिल्याच रिंगला कुणीतरी फोन उचलला, हे तिनं कानानं ऐकलं होतं. शैलजा उचलत नाही, हौसाबाई उचलत नाही. उरलं कोण?

"एकच," ती म्हणाली.

मग मोठ्यानं, "एकच वाजवली, आई."

तेवीस वर्षं मी शिकवत होतो. मुलगी खोटं बोलत असली की मला कळतं. आणि कुठलं उत्तर बरोबर आहे, तेही कळतं.

चेअरमन माझ्याकडे वळले. "सर?"

"एकच वाजली," मी म्हणालो. "मी स्वतः ऐकली."

शैलजाची मान झटक्यात माझ्याकडे वळली.

"माझ्या शब्दावर तुम्ही सून आणलीत," मी म्हणालो, "आता माझ्याच शब्दावर पाठवा. बाकीचं मागाहून चार माणसांत बोलू."

प्रताप जिना उतरून दोन पायऱ्या खाली आला. त्यानं दाराकडे पाहिलं. दारात खरमाटे होता, आणि पकड आता त्यानं उजव्या हातात घेतली होती. तसं त्याच्या मनात काही नसावं. पेला ठेवायला डावा हात मोकळा केला असेल. पण प्रताप तिथंच थांबला.

कांचननं काही घेतलं नाही. पिशवी नाही, साडी नाही. आईच्या पुढं होऊन ती सरळ जीपमध्ये जाऊन बसली. अनवाणी.

जीपमध्ये शैलजानं तिला आडवं केलं, त्यामुळं जागा उरली नाही, आणि खरमाटे माझ्या स्कूटरवर मागं बसला. या माणसाला मागं बसवून मी घाट चढेन, असं सकाळी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

"सर, हे नक्की काय झालं?" त्यानं वळणावर विचारलं.

"लाइनमध्ये बिघाड होता."

"गेला का?"

"गेला."

थोडा वेळ तो शीळ वाजवत होता. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "एक सांगू का सर, रागावू नका. बाईंच्या चहात आलं फार असतं हो. मला पित्ताचा त्रास. आमच्या परसातलं आलं मीच एकदा आणून दिलं होतं, तेव्हापासून त्या टाकतात. सांगायचं कसं, म्हणून पितो."

मी स्कूटरचा वेग वाढवला.

कांचनला डॉक्टरकडे नेऊन आणून, हौसाबाईच्या घरी पोचवून, शैलजा घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. ती सरळ चहा टाकायला गेली. कप माझ्यापुढं ठेवला. वास आला. आलं होतं.

"तुमचा चष्मा फोनपाशी आहे," ती म्हणाली.

मी चहा प्यायलो. भाजला.

"आम्ही निघालो तेव्हाच दिसला होता," ती म्हणाली. "मला वाटलं, सकाळी विसरून गेलात." ती पाटावर बसली. "खरं सांगा. किती वाजणार होत्या?"

"पहिलीलाच मी उचलला."

"म्हणजे आजही दोनच झाल्या असत्या."

"झाल्या असत्या."

शैलजा पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "हात मोडला शुक्रवारी. त्यानंतरही दोन वाजवणार होती. म्हणजे आजवरच्या सगळ्या दोन..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. त्यात कर्ता, कर्म, क्रियापद, सगळंच अध्याहृत होतं, आणि मला एकदाही विचारावं लागलं नाही. "तिनं एक कधीच वाजवली नसती."

लँडलाइन काढायचा अर्ज मी त्याच रात्री बंबात घातला. त्यानंतर चार माणसांत बोलणं झालं, चेअरमन पुष्कळ बोलले, काडीमोड झाला. गावात या प्रकरणाचं श्रेय मला मिळालं. 'मास्तरांनी पोरगी ओढून आणली,' असं लोक म्हणत. मी नाही म्हटलं नाही, शैलजानंही कुणाला काही सांगितलं नाही. तिच्या तोंडात तीळ भिजतो, इतकंच नव्हे तर उगवतोसुद्धा.

खांब आता पडलेत. फोन जाळीच्या रुमालाखाली मुकाच आहे, शैलजा त्याच्यावरची धूळ झटकते. डोंगरावर टॉवर आला, टाकीवर चढायची गरज राहिली नाही. कांचन तालुक्याला शिवणाचं दुकान चालवते, दोन बाया हाताखाली आहेत. तिच्याकडे स्वतःचा मोबाइल आहे आणि हवा तेवढा वेळ ती बोलू शकते, बोलतेही. पण मंगळवारी दुपारी न चुकता शैलजाच्या मोबाइलवर दोन रिंगा येतात आणि थांबतात. शैलजा तो उचलत नाही. हसते.

"कुणाचा गं?" मी विचारतो.

"राँग नंबर," ती म्हणते.

मोबाइल माझ्याकडेही आहे. खिशातच असतो, रेंज पूर्ण असते, आवाज मोठा ठेवलेला असतो. मंगळवारी तो मी टेबलावर, समोर ठेवतो. इतक्या वर्षांत त्याच्यावर कुणी दोन रिंगा दिलेल्या नाहीत.